ओट्यावरचं कॅल्शियम

लोक मला विचारतात, बाई, तुम्हाला एवढे किस्से आठवतात कसे? आठवावे लागत नाहीत हो. तीन म्हाताऱ्या रोज सकाळी एका ओट्यावर बसवा, तिघींनाही नीट ऐकू येतं एवढी खात्री करून घ्या, आणि गप्प राहा. वर्षभरात ठेवायला जागा पुरत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. गाव मानोरा तालुक्यातलं, पोहरादेवीच्या वाटेवरचं. शेवंता आणि वच्छला माझ्या शेजारणी, भिंतीला भिंत लागून. तिघी सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, आणि तिघींचे गुडघे दुखायचे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी तिघींचं रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल सांगितला, "तुमच्या अंगात व्हिटॅमिन डी फार कमी आहे. ते उन्हातून मिळतं. तुम्हाला ऊन कमी पडतंय."

हे वाशीम जिल्ह्यात, मे महिन्यात. मॅडमच्या स्कूटीची सीट इतकी तापली होती की तिच्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं. शेवंता खिडकीतून त्या पोत्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आनखी किती पाह्यजे?"

मॅडमनी समजावलं. ऊन गावात असून उपयोग नाही, ते कातडीला लागलं पाहिजे. तुम्ही कॅल्शियम कितीही खा, डी नसेल तर ते अंगात मुरत नाही, आल्या वाटेनं निघून जातं. तेव्हापासून आम्ही सोसायटीच्या बंद गोदामाच्या ओट्यावर बसायला लागलो. ओटा पूर्वेकडे तोंड करून आहे. त्याचा याआधी कोणाला काही उपयोग झालेला नव्हता.

*

पहिल्याच आठवड्यात मॅडम रस्त्यानं जाताना थांबल्या. आम्ही सांगितल्याप्रमाणे उन्हात बसलो होतो. डोक्यावरून पदर, पदरावर टॉवेल, लुगडं घोट्यापर्यंत, आणि वच्छलाच्या पायांत मोजे.

मॅडम म्हणाल्या, "ऊन लुगड्याला लागतंय. तुम्हाला कुठे लागतंय? हात उघडे ठेवा. पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवा."

"पाय?" शेवंता म्हणाली. "अन् भासरे आले त?"

शेवंताचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली. भासऱ्यांसमोर पदर ढळू द्यायचा नाही, हे शेवंता लग्न होऊन आली तेव्हापासून पाळते. भासरे रोज नेमके त्याच वेळेला काठी टेकत त्याच रस्त्यानं जायचे. काठीचा आवाज आला की शेवंता नखशिखांत झाकली जायची. ते वळणाआड होईपर्यंत व्हिटॅमिन बंद. आणि ते फार हळू चालतात.

मी वैतागून म्हटलं, "अगं, त्यांना दिसत नाही."

"त्यायले नाई दिसत. मले त दिसते."

शेवटी मॅडमनी भासऱ्यांनाही तपासलं. त्यांचंही डी कमी निघालं. "बाबा, तुम्हीसुद्धा सकाळी ओट्यावर बसत चला," मॅडम म्हणाल्या. शेवंताचा चेहरा पडला. तेव्हा वच्छला शांतपणे म्हणाली, "मॅडम, त्यायले दुपारचं द्या."

त्यांना दुपारचं दिलं, गोदामाच्या मागच्या अंगाला. दोन-तीन दिवस बसले. मग मॅडमकडे जाऊन म्हणाले, "हाडं पक्के होतीन, पन त्यायच्यात कोनी राह्यलं पाह्यजे नं."

*

डीची गोळी आम्हाला आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितली होती. रोजची गोळी लक्षात राहते, आठवड्याची राहत नाही. मी म्हटलं, रविवार धरू. पण आमच्याकडे रविवार कुठून ओळखायचा? म्हशीला सुटी नसते, सुनेला नसते. मग वच्छलानं तोडगा काढला. बाजाराचा दिवस धरायचा. तो कोणी विसरत नाही. तिघी बाजाराला जायचो, भाजी घ्यायच्या आधी गोळी घ्यायचो, आणि भाजीवाली आम्हाला ओळखून पाण्याचा गडवा पुढे करायची.

उत्तम चाललं होतं. मग मतदान आलं आणि बाजार रद्द झाला. पुढच्या वेळी पाऊस असा लागला की दुकानंच लागली नाहीत.

मॅडमनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"नाई," शेवंता म्हणाली.

"का?"

"बाजार नाई भरला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तिघींत शिकलेली मी, म्हणून कोणीही गोंधळलं की माझ्याकडेच पाहतं. मी म्हटलं, "खरंच नाही भरला."

पोळ्याच्या आठवड्यात बाजार दोनदा भरला होता. त्या आठवड्याचं मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

*

वच्छलाचा बुढा, म्हणजे नवरा. हा शब्द तिचा आहे, माझा नाही. तो बायकांच्या घोळक्यात बसत नाही, गोदामाच्या पायरीवर बसतो. पण ऐकतो सगळं. मॅडम त्याला एकदा म्हणाल्या, "काका, हाडं फक्त बायकांचीच झिजत नाहीत. तुम्हीही तपासून घ्या."

"मले गरज नाई," तो म्हणाला. "चुन्यात कॅल्शियम असते का नाई?"

"असतं, पण..."

"मंग. मी दिवसभर तेच खाऊन राह्यलो."

"आणि सोबतची तंबाखू?"

"नुसता चुना तोंड भाजते मॅडम. कायच्या तरी संगं घ्यावा लागते."

मॅडमना कधी नाही एवढा राग आला. त्यांनी स्कूटी बंद केली, खाली उतरल्या, आणि तंबाखूनं तोंडाचं काय होतं, शिवाय हाडंही कशी ठिसूळ होतात, हे त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं. बुढ्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं. मॅडमना वाटलं, माणूस वळला.

मग त्यानं विचारलं, "म्हनजे चुना जराक वाढवू का?"

*

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही, हेही मॅडमनीच आम्हाला शिकवलं. मॅग्नेशियम लागतं, फॉस्फरस लागतं, हिरव्या पालेभाजीतलं व्हिटॅमिन के लागतं, डाळीतलं प्रोटीन लागतं. मी ऐकून सोडून दिलं. वच्छलानं मात्र ही नावं आधी कुठेतरी ऐकली होती. घरी जाऊन ती एक पाकीट घेऊन आली. गुरांच्या दवाखान्यातून म्हशीसाठी आणलेलं क्षार मिश्रण.

"बाई, वाचा बरं."

मी वाचलं. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, तांबं. मी म्हटलं, "वच्छला, हे म्हशीचं आहे. ठेवून दे."

तिनं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसता बसता म्हणाली, "खारट लागते."

मी तिला हाताला धरून मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, म्हशीचं वजन किती, तुमचं किती! जनावराचं औषध माणसानं घ्यायचं नसतं."

वच्छलानं विचारलं, "मॅडम, तुमी कधी म्हैस घसरून हाड मोडलेली पाह्यली का?"

मॅडम शहरात वाढलेल्या. प्रामाणिकपणे म्हणाल्या, "नाही."

"मंग," वच्छला म्हणाली.

पाकीट माझ्या घरी कुलपात राहील, असं ठरलं. आता म्हशीचा खुराक मी मोजून देते.

*

यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीला कुठल्याशा संस्थेनं हाडं तपासायचा मांडव टाकला होता. एक छोटं यंत्र, त्यात टाच ठेवायची, की हाड किती घट्ट आहे ते कळतं. आम्ही तिघी गेलो.

शेवंता स्टुलावर बसली. यंत्रवाला म्हणाला, "आजी, पाय ठेवा इथे."

समोर दिवा लागलेला, पडद्यावर आकडे हलतायत, आणि त्याला पाय लावायचा? शेवंतानं आधी यंत्राला हात लावला, तो कपाळाला टेकवला, मग टाच ठेवली. वस्तूला पाय लावण्याआधी तिच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. मागच्या बाईनं ते पाहिलं. तिनंही नमस्कार केला. तिच्या मागचीनंही केला. तेवढ्यात बाहेर गाड्या लागल्या आणि यात्रेकरू उतरले. त्यांना रांग दिसली, रांगेच्या टोकाला हात जोडलेली माणसं दिसली. यात्रेत रांग कशाची हे कोणी विचारत नाही. उभं राहतात.

दुपारी आम्ही परत डोकावलो तर यंत्राला कुंकू लागलं होतं, हार पडला होता आणि पुढ्यात नारळाची अर्धी वाटी होती. यंत्रवाल्यानं विरोध करणं सोडून दिलं होतं. एका पागोटेवाल्या आजोबांनी टाच ठेवली, काढली, नमस्कार केला आणि ओंजळ पुढे करून उभे राहिले.

"काय पाहिजे बाबा?"

"प्रसाद."

यंत्रवाल्याकडे कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. त्यानं एक दिली. आजोबांनी ती कपाळाला लावली, तिचे तुकडे केले आणि घरच्यांना वाटले. एवढं समाधानी गिऱ्हाईक मी सरकारी दवाखान्यात पाहिलेलं नाही.

शेवंताला मात्र तो सकाळीच म्हणाला होता, "आजी, हाडं खूप ठिसूळ झालीत. काहीही करा, पण पडू नका."

*

आता गजू. शेवंताचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. पोरगा चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. शेवंताला तोपर्यंत खोटं बोलायची गरज पडली नव्हती, त्यामुळे तिनं यंत्रवाल्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगून टाकलं.

गजू म्हणाला, "आई, आता माझं ऐक. एकदा जरी पडलीस, तर मी येईन आणि तुला इकडे घेऊन येईन. मग तुझं काही चालणार नाही."

शेवंता एकदा महिनाभर पुण्याला राहून आली आहे. चौथा मजला. मुलगा-सून कामावर, दार बंद. "बाई, मी दाराच्या अंदर बसून दाराकडे पाहत राहो," ती सांगते. "कोनीच येत नाई. ऊनबी आहे तिथं, नाई असं नाई. पन ते वाळत घातलेल्या कपड्यायले लागते."

एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, "मले इथंच राहाचं आहे वं. तिकडं नेलं त मी मरून जाईन." वच्छला सरकून तिला चिकटून बसली. मला फार वाईट वाटलं.

गजूनं रोज सकाळी व्हिडिओ कॉल सुरू केला. फोन मी धरायचे. "आई, चालून दाखव. आता वळ. भिंतीला धरून एका पायावर उभी राहा. दोन्ही हात वर कर." गोदामासमोर शेवंताची रोज परेड. मग तोंडी परीक्षा. दूध घेतलं? घेतलं. गोळी? घेतली. त्यानं कुरिअरनं सोयाबीनच्या वड्या पाठवल्या, हाडांना चांगल्या म्हणून. शेवंतानं पाकीट पाहिलं, मग रस्त्यापलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेलं सोयाबीन पाहिलं. "हे त विकाचं असते," ती म्हणाली. "खाचं नसते."

पावसाळ्यात ती एकदा अंगणात घसरली. नशीब, कुठे लागलं नाही. पण परेडच्या वेळी गजूची नजर बरोबर गेली.

"आई, लुगड्याला चिखल कसा?"

"बसली होती."

"चिखलात?"

"हाव. थंड लागते."

*

हिवाळ्यात शेवंताचं हाड मोडलं. शेवग्याच्या पाल्यात भरपूर कॅल्शियम असतं, असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून ती आकडीनं शेवग्याची फांदी ओढत होती. फांदी तुटली आणि ही मागच्या मागे उजव्या हातावर आपटली. वच्छला भिंतीवरून पाहत होती. धावत आली, तिला बखोटीला धरून उठवलं, मला हाक मारली. मनगट सुजून टम्म झालं होतं. मानोऱ्याला नेलं, कोपरापर्यंत प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना.

शेवंताला दुखण्याचं काही वाटत नव्हतं. परतताना ऑटोत एकच म्हणत होती, "गजूले नका सांगू. बाई, तुमच्या पाया पडतो, गजूले नका सांगू."

रोज सकाळी "दोन्ही हात वर कर" म्हणणाऱ्या माणसाला सांगायचं नाही, म्हणजे कसं? तोडगा पुन्हा वच्छलानंच काढला. थंडीचे दिवस, शाल असणारच. शेवंतानं ओट्याच्या कडेला बसायचं, वच्छलानं तिच्या पाठीमागे. दोघींवरून एक मोठी शाल. डावा हात शेवंताचा. उजवा वच्छलाचा.

अडचण बांगड्यांची. वच्छलाच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि शेवंता नवरा गेल्यापासून काच घालत नाही. मी म्हटलं, "दीड महिना उतरव."

वच्छला म्हणाली, "काहून? माझा बुढा जित्ता आहे नं. तो काय बसला."

पायरीवरून बुढा म्हणाला, "उतरव. मले काई होत नाई."

ती ऐकेना. शेवटी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून वर रुमाल बांधला. सगळं जमलं असं आम्हाला वाटलं.

आणि जमलंही. चालणं शेवंता शालीत हात लपवून करायची, हातांची परेड बसून. वच्छलाचा हात दोन-तीन दिवसांत सरावला. पदर सारखा करायला लागला. बोलता बोलता कान खाजवायला लागला. शेवंता एकदा गजूला म्हणाली, "वच्छला लय बडबड करते आजकाल," तर तिच्याच उजव्या हातानं तिला चिमटा काढला. गजू म्हणाला, "मूठ आवळ बरं." रोज म्हैस पिळणारी मूठ ती. गजू खूश झाला. "आई, हातात केवढी ताकद आली! गोळ्यांचा फरक आहे हा." त्यानं आणखी दोन डबे पाठवले.

प्लास्टर निघायला थोडे दिवस राहिले होते. त्या सकाळी गजू म्हणाला, "आई, हात पूर्ण वर. आणखी. तळवे माझ्याकडे कर."

एरवी शालीबाहेर मनगटापर्यंतच दिसायचे, ते आता अख्खे हात दिसायला लागले. डावा हळूहळू वर गेला, उजवा ताठ. आणि त्या उजव्या हातावर, आतल्या बाजूनं, मनगटाच्या खाली, हिरव्या अक्षरांत एक नाव गोंदलेलं होतं. वच्छलानं नवी नवरी असताना जत्रेत गोंदून घेतलेलं, नवऱ्याचं. इतकी वर्षं ते रोज पाहत आले, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

गजू फोनच्या जवळ आला. "आई, तुझ्या हातावर सखाराम कोण आहे?"

शेवंताच्या नवऱ्याचं नाव नारायण होतं. गजूला ते माहीत असणं साहजिक होतं.

हात तसाच हवेत राहिला. मी फोन फिरवायला हवा होता, पण मला सुचलं नाही. तेवढ्यात पायरीवरून बुढ्यानं आपलं नाव ऐकून ओ दिली, "हाव, बोला."

पुरुषाचा आवाज पुण्यापर्यंत स्वच्छ गेला.

"आई, हे कोण बोललं?"

शेवंताचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "तोच," ती म्हणाली. "सखाराम. रोज इथंच बसते. उन्हात."

मला वाटलं, आता गजू ओरडेल. पण त्याचा आवाज खाली आला, आणि पुण्याची भाषाही सुटली. "आई, मले एकच सांग. उद्या तू पडली, त तो मानूस तुले उचलन का?"

शेवंतानं पायरीकडे पाहिलं. बुढा तळहातावर तंबाखू मळत होता.

"तो नाई उचलत," ती म्हणाली. "त्याची बायको उचलते."